शुश्रूषा : चिकित्सेचा उपेक्षित पाद

(१२ मे या जागतिक परिचारिका दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रुग्ण. या चौघांत वैद्याला अग्रस्थान आहे हे खरेच. परंतु परिचारकाला त्याचा गडी म्हणून नव्हे, तर चिकित्सेचा स्वतंत्र पाद म्हणून स्थान दिलेले आहे, हे विसरता येत नाही. या परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत, असे आचार्य सांगतात : उपचारज्ञता, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिले स्थान ज्ञानाला, दुसरे कौशल्याला. प्रेमभाव त्यानंतर येतो. याच स्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णालयाची सिद्धता वर्णिली आहे. तेथेही अन्न शिजवणे, स्नान घालणे, अंग चोळणे, रुग्णाला उठवणे-बसवणे, औषधे वाटणे या कामांत निपुण असलेल्या माणसांची तरतूद करावयास सांगितले आहे.

आज मात्र परिचारिकेचा विषय निघाला की वक्त्याच्या तोंडी येतात ते शब्द म्हणजे करुणा, त्याग आणि वात्सल्य. तिच्या ज्ञानाविषयी सहसा कोणी बोलत नाही. मे महिन्यातील एका दिवशी गुलाबपुष्प द्यायचे आणि उरलेले वर्षभर तिला ‘सिस्टर, सलाईन संपले’ एवढ्यापुरतेच ओळखायचे, ही रीत झाली आहे. गेल्या पाव शतकातील संशोधनाने या रीतीवर मोठे प्रश्नचिन्ह उभे केले आहे. रुग्ण वाचणार की दगावणार, हे केवळ शल्यविशारदाच्या हातावर ठरत नाही. रात्री दोन वाजता त्याच्या खाटेजवळ कोण होते, ती व्यक्ती किती शिकलेली होती आणि तिच्याकडे त्या वेळी आणखी किती रुग्ण होते, यावरही ते ठरते, असे हे संशोधन सांगते.

आकडे हीच करुणा

हा दिवस जिच्या जन्मदिनी पाळला जातो ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल हातात दिवा घेतलेली देवदूत म्हणून पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची आहे. १८५४ च्या क्रिमियन युद्धात ती ३८ परिचारिकांचा गट घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली. पाठ्यपुस्तक सहसा सांगत नाही ते असे की, ती तेथे पोहोचल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मृत्यू घटले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्युप्रमाण शेकडा ४२ च्या आसपास गेले होते. मार्चमध्ये आरोग्य आयोगाची माणसे आली, तुंबलेली गटारे उपसली गेली, पाण्याची आणि हवेची व्यवस्था सुधारली. आणि काही महिन्यांतच हे प्रमाण शेकडा दोनच्या घरात आले. युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह तिने या आकड्यांचा अभ्यास केला, तेव्हा सैनिक जखमांपेक्षा अस्वच्छतेने अधिक मेले, हे कटू सत्य तिच्यापुढे उभे राहिले. ते तिने लपवले नाही. रंगीत आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे मांडले. १८५९ मध्ये तिचा शुश्रूषेवरील ग्रंथ आला आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शिक्षणशाळा निघाली.

हिंदुस्थानच्या आरोग्याची चिंता तिने पुढची कित्येक दशके वाहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. आकडेवारी गोळा करणारी, स्वतःची चूक शोधणारी आणि सत्तेला जाब विचारणारी ही स्त्री आजच्या परिचर्या-संशोधनाची खरी आद्य प्रवर्तक होय. दिव्याची प्रतिमा डोक्यात ठेवून तिच्या वहीचा विसर पडावा, हे उचित नव्हे.

एक रुग्ण अधिक

२००२ साली अमेरिकेतील संशोधक लिंडा ऐकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद त्यात होती. निष्कर्ष असा निघाला की, एका परिचारिकेकडील रुग्णांत एकाची भर पडली, की रुग्णाचा तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. चार रुग्णांऐवजी आठ रुग्ण सोपवले, तर ही वाढ ३१ टक्क्यांपर्यंत जाते. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून हीच गोष्ट पुन्हा पुढे आली, आणि तिला एक जोड मिळाली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल, तेथे मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. चरकाचार्यांनी उपचारज्ञतेला पहिले स्थान दिले, त्याला आधुनिक संख्याशास्त्राने दिलेला हा दुजोराच म्हणावा लागेल.

हे असे का घडते? शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत कोणत्याही रुग्णालयात होऊ शकते. परंतु ती वेळेवर ओळखली जाणे आणि रुग्ण वाचणे, हे सर्वत्र सारखे घडत नाही. श्वासाची गती मिनिटाला सोळावरून चोवीसवर जाते, रक्तदाब हळूच उतरू लागतो, माणूस किंचित असंबद्ध बोलतो. डॉक्टरांची फेरी सकाळी येऊन गेलेली असते. हा बदल टिपणारे डोळे परिचारिकेचे असतात. या टिपणाला शिस्त यावी म्हणून इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये श्वसनगती, प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान यांना गुण देणारी पूर्वसूचना पद्धती आखण्यात आली आणि २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. पण चाळीस खाटांच्या कक्षात दोघीच धावत असतील, तर कागद कितीही चांगला असला तरी तो भरणार कोण?

अमेरिकेतील बिआट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये ‘राहून गेलेली शुश्रूषा’ या विषयावर परिचारिकांशी बोलून अभ्यास मांडला. वेळ अपुरा पडला, की इंजेक्शन चुकत नाही. कारण त्याची नोंद होते. राहून जाते ते रुग्णाला चालवणे, त्याची कूस बदलणे, त्याला भरवणे, घरी गेल्यावर काय करायचे ते समजावून सांगणे आणि दोन शब्द धीराचे बोलणे. जे कागदावर दिसत नाही तेच आधी गळते, आणि रुग्णाला शुश्रूषा म्हणून जाणवते तेही नेमके तेच असते.

यावरचा उपाय कल्पनेतला नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून परिचारिका-रुग्ण प्रमाण बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये दिवसपाळीला चार रुग्णांमागे आणि रात्रपाळीला सात रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण ठरवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रकार कमी झाल्याचे, तसेच वाचलेला खर्च जादा नेमणुकांच्या खर्चाहून अधिक असल्याचे आढळले. परिचारिका नेमणे ही उधळपट्टी आहे, हा हिशेबनिसांचा समज असा खोटा ठरला आहे.

भारताच्या भूमीवरील पुरावा

हे सारे परदेशचे आहे, असा आक्षेप येऊ शकेल. म्हणून दोन उदाहरणे देशातील. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकाच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तेथे रुग्णालय उभारले गेले नव्हते, यंत्रे आली नव्हती. बाळाला ऊब देणे, स्तनपान, हात धुणे आणि जंतुसंसर्ग वेळीच ओळखणे या शिक्षणाच्या बळावर हे घडले.

दुसरे उदाहरण २०२१ चे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत एक चाचणी केली. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपास वजनाच्या नाजूक बाळांना स्थिर होईपर्यंत यंत्रात वेगळे ठेवण्याऐवजी, जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी बिलगून ठेवण्यात आले. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. यासाठी नवजात कक्षात आईची खाट आणावी लागली, आणि आई व बाळ या दोघांची काळजी एकाच वेळी घेणाऱ्या परिचारिका तयार कराव्या लागल्या. आईच्या कुशीचे सामर्थ्य या देशाला नवे नाही. ते मोजून सिद्ध करण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

संशोधनाचा आणखी एक गुण असा, की ते रूढ गोष्टीलाही प्रश्न विचारते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, हा जगभरचा नियम. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील वृद्धांच्या शुश्रूषागृहांत परिचारिका-संशोधकांनी तो तपासला. उत्तम प्रतीच्या दाट फोमच्या गाद्या असतील, तर दोन, तीन वा चार तासांच्या अंतराने फारसा फरक पडत नाही, असे दिसले. जेथे गादीच जुनी आणि खोलगट झालेली आहे, तेथे अर्थातच हा निष्कर्ष लागू करता येणार नाही. असे प्रश्न भारतीय कक्षांत, भारतीय गाद्यांवर आणि भारतीय उन्हाळ्यात भारतीय परिचारिकांनी विचारावेत, ही आजची गरज आहे.

बेचाळीस वर्षे

कूस बदलण्याचा विषय निघाला, की मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण अपरिहार्य आहे. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी याच रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तेथील एका सफाई कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मधल्या जवळजवळ बेचाळीस वर्षांत त्यांना भरवणे, स्वच्छ ठेवणे, कूस बदलणे हे सारे केईएमच्या परिचारिकांनी केले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. जिने अरुणाला कामावर कधी पाहिलेही नव्हते, अशा मुलींनी ते व्रत पुढे चालवले. सर्वोच्च न्यायालयात दयामरणाची याचिका गेली, तेव्हा या परिचारिकांनी तिला विरोध केला. मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. एवढ्या प्रदीर्घ काळात त्या देहावर शय्याव्रण होऊ दिला गेला नाही, ही गोष्ट त्या प्रकरणात नोंदली गेली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्याने आठ दिवस केली असेल, त्याला या वाक्याचे वजन कळेल.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. जिथे ती सेवा करीत होती त्याच इमारतीत अरुणा असुरक्षित होती. पन्नास वर्षांनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्यात कर्तव्यावर असलेल्या तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली आणि सर्वोच्च न्यायालयाला वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे आणि परिचारिकाही त्याच्या संरक्षणात येतात. पण रात्रपाळीच्या परिचारिकेला कडी लागणारी विश्रांतीची खोली, उजेड असलेला जिना आणि घरी जायला वाहन मिळाल्याखेरीज कायद्याचा कागद तिचे रक्षण करू शकत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी प्रसूतिपूर्व कक्षातील वीस गर्भवतींना आतल्या खोलीत हलवून त्यांचे प्राण वाचवले. पुढे न्यायालयात त्यांनी कसाबला ओळखले आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव कथन केला. सीमेवरील जवानाला जो मान समाज देतो, त्यातला काही वाटा या गणवेशाचाही आहे.

‘सेवा’ शब्दाची ढाल

आता थोडे अंतर्मुख होणे आवश्यक आहे. हिंदू समाजात शुश्रूषेचे शास्त्र इतके प्राचीन असताना अर्वाचीन काळात हे क्षेत्र दुसऱ्यांच्या हाती का गेले? उत्तर अप्रिय असले तरी द्यायला हवे. विटाळाच्या कल्पनेने मलमूत्र, रक्त आणि बाळंतपण यांना स्पर्श करणे हलके ठरवले. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, १८९९ मध्ये भगिनी निवेदिता कोलकात्याच्या गल्ल्यांत प्लेगनिवारणासाठी उतरल्या. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभारले आणि स्त्रियांना परिचारिका-शिक्षणाकडे वळवण्याचा यत्न केला. या थोर स्त्रियांनी वाट दाखवली. त्या वाटेवर गर्दी मात्र झाली नाही. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शिक्षणशाळा काढल्या, केरळच्या कन्या देशभर आणि जगभर गेल्या. त्यांच्या कष्टांचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. जुलै २०१४ मध्ये इराकमधील तिक्रितहून अतिरेक्यांच्या तावडीत सापडलेल्या ४६ भारतीय परिचारिका सुखरूप कोचीला परतल्या, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकींच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असल्याचे देशाला समजले. जिवाचा धोका पत्करून परदेशी जावेसे वाटावे, इतके तुटपुंजे वेतन स्वदेशी मिळत होते.

या तुटपुंज्या वेतनाला ‘सेवा’ या पवित्र शब्दाची ढाल पुढे केली जाते. सेवेचे मोल नसते, हे सेवा करणाऱ्याने म्हणावे. सेवा घेणाऱ्याने आणि रुग्णालय चालवणाऱ्याने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये मासिक वेतन आणि दोनशेहून अधिक खाटा असतील, तर सरकारी परिचारिकेइतके वेतन, असे त्यांचे स्वरूप होते. शिफारशींची अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि बहुतेक ठिकाणी ती रेंगाळली.

भारतीय परिचर्या परिषदेचे मानक शिक्षण-रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असे आहे. देशातील नोंदणीकृत परिचर्या कर्मचाऱ्यांची संख्या २०२२ मध्ये ३३ लाखांवर होती. पण नोंदणी झालेली प्रत्येक जण कक्षात उभी असतेच असे नाही. कोणी परदेशी गेली, कोणी संसारात गुंतली, कोणी थकून काम सोडले. केंद्र सरकारने २०२३ मध्ये १५७ नवी परिचर्या महाविद्यालये मंजूर केली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र महाविद्यालयाला अध्यापिका नसेल आणि विद्यार्थिनीला शिकण्यासाठी खरा रुग्णकक्ष मिळत नसेल, तर पदवीचा कागद तेवढा हाती येईल.

कार्य घरापासून

प्रश्न शासनाचा आहे तितकाच समाजाचाही आहे. ध्येयवादी कार्यकर्त्यांनी उभारलेले छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय असो, वा परळला बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देणारी नाना पालकर स्मृती समिती असो, रुग्णसेवेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या हातांची परंपरा मोठी आहे. म्हणूनच अशा सर्व सेवाभावी रुग्णालयांकडून पहिली अपेक्षा करता येते. प्रत्येक पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका आहेत, हे त्यांनी स्वेच्छेने फलकावर लिहावे. जे लिहिले जाते ते सुधारते, हा नाइटिंगेलचा धडा आहे.

दुसरे काम विश्वस्त आणि डॉक्टरांचे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांत पाच साध्या गोष्टींची यादी लागू झाली आणि रक्तवाहिनीतील नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला. त्यातला मर्माचा भाग असा, की डॉक्टरने हात धुणे वा अन्य पायरी चुकवली, तर त्याला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला होता. वयाने आणि पदाने मोठ्या माणसाला ‘थांबा’ म्हणणाऱ्या सिस्टरचे आपल्याकडे कौतुक होईल, की तिची बदली होईल? याचे उत्तर प्रत्येक रुग्णालयाने स्वतःला द्यावे.

तिसरे काम घराघरांचे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींवर होती आणि ती वाढतच आहे. मुले बंगळूरला वा अमेरिकेला, आई-वडील पुण्यात किंवा डोंबिवलीत आणि मध्ये एका ब्युरोने पाठवलेली, कोणतेही शिक्षण न घेतलेली मुलगी, हे चित्र मध्यमवर्गात सर्रास दिसते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. वस्तीवस्तीत निवृत्त परिसेविकांच्या मार्गदर्शनाखाली घरगुती शुश्रूषेचे वर्ग चालवणे, अशा मुलींना आणि घरच्या माणसांनाही उचलण्याची, भरवण्याची, हात धुण्याची शास्त्रीय रीत शिकवणे, हे कोणत्याही शाखेला वा महिला मंडळाला सहज जमण्यासारखे काम आहे.

आणि शेवटचे काम सर्वांत अवघड. मुलगी वा मुलगा बारावीला उत्तम गुण मिळवून ‘मला परिचर्या शिकायची आहे’ असे म्हणाला, तर घरात काय होते? डॉक्टर होत नाही म्हणून ती वाट धरली, असे नातेवाइकांना सांगावे लागते का? लग्न ठरवताना मुलगी परिचारिका आहे, रात्रपाळी करते, हे कळताच स्थळ परत जाते का? व्यासपीठावरून जिला मातेची उपमा द्यायची तिला सून म्हणून नाकारायचे, ही विसंगती जोवर संपत नाही, तोवर भाषणांना आणि गुलाबांना काडीचे मोल नाही.

चरकाचार्यांनी सांगितलेल्या चार पादांवर चिकित्सा उभी राहते. त्यातला एक पाद आखूड राहिला, की उरलेले तीन कितीही बळकट असले, तरी खाट डुगडुगणारच. त्या खाटेवर कधी ना कधी प्रत्येकाच्या घरचे माणूस असते. त्या रात्री कक्षात शिकलेली, न थकलेली आणि निर्भय परिचारिका असावी असे ज्याला वाटते, त्याने तिच्या शिक्षणाची, वेतनाची आणि मानाची काळजी आजच वाहायला हवी.